आप्पांच्या घरचं बोरन्हाण

"बूट इथंच काढा हं, नवं हार्डवूड टाकलंय," माई चौबळांनी दार उघडताच सांगितलं आणि मग म्हणाल्या, "या, या, तिळगूळ घ्या." आधी जमीन, मग माणसं. त्या बाईंचं सगळं असं क्रमवार असायचं.

बाहेर गुडघाभर बर्फ होता. मी केतकीला पायरीवर बसवून तिचे बर्फातले बूट ओढून काढले. मोजे भिजले होते, तेही काढले. अंगात माझ्या आईनं ठाण्याहून पाठवलेलं काळं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याची माळ, डोक्यावर हलव्याचा मुकुट. वय वर्षं साडेतीन. तिनं त्या चकचकीत लाकडावर अनवाणी पाऊल ठेवलं आणि थबकली. खाली बेसमेंटमध्ये पोरं धुडगूस घालत होती. केतकीनं आपल्या पावलांकडे बघितलं आणि खुदकन हसली.

कोट अडकवता अडकवता श्रीरंग, माझा नवरा, माझ्या कानाशी लागला. "आज जरा हसतमुख राहा. आप्पांनी मुद्दाम बोलावलंय."

"मुद्दाम म्हणजे कशासाठी, ते कळलं का?"

"चांगल्यासाठीच गं. वाईट सांगायचं असतं तर ऑफिसात सांगितलं असतं. घरी कशाला बोलावतील?"

हे मलाही पटलं होतं. घरी बोलावून, हातावर तिळगूळ ठेवून वाईट बातमी कोण देतं?

आप्पा म्हणजे अच्युत चौबळ. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या त्या गावातलं सगळ्यात मोठं मराठी प्रस्थ. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणारी कंपनी त्यांची, आणि महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्षही तेच. श्रीरंग त्यांच्याकडे साच्यांचं डिझाइन करायचा. आमचा व्हिसा त्यांच्या कंपनीचा, ग्रीनकार्डाचा अर्जही त्यांच्याच कंपनीमार्फत गेलेला. कंपनीतल्या गोऱ्यांचे ते मिस्टर चौबळ होते, आम्हा मराठी घरांचे मात्र आप्पा. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य ते दर गणपतीत माइकवर म्हणत आणि आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत असू.

आदल्या सप्टेंबरात केतकीला मेंदूज्वर झाला होता. जीव वाचला, कान गेले. दोन्ही. त्याआधी ती इतकी बडबड करायची की श्रीरंग तिला आकाशवाणी म्हणायचा. हॉस्पिटलातून घरी आणली त्या दिवशी ती टीव्हीसमोर उभी राहिली आणि त्याला चापट्या मारायला लागली. तिला वाटलं, टीव्ही बिघडलाय. मी स्वयंपाकघरातून बघत होते. माझ्याच्यानं बाहेर येववेना.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. या तापानंतर कानाच्या आतली पोकळी हळूहळू हाडानं भरत जाते, त्या म्हणाल्या. त्याआधी शस्त्रक्रिया करून आत यंत्र बसवलं तर मुलगी पुन्हा ऐकेल, बोलणंही टिकेल. एकदा पोकळी भरली की यंत्र ठेवायला जागाच उरत नाही. "उन्हाळ्याची वाट पाहू नका," त्यांनी बजावलं होतं.

खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता, पण मी सुरुवातीला घाबरले नाही. त्याच वर्षी आमच्या राज्यानं कायदा केला होता. लहान मुलांच्या कानांच्या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यायलाच हवा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर बाहेरच्या, स्वतंत्र डॉक्टरांनी निकाल द्यायचा. त्या कायद्याला आमच्या मंडळाचाही पाठिंबा होता, आप्पांच्या सहीचा. गावच्या पेपरात त्यांचा फोटो आला होता आणि मी तो कापून फ्रीजवर लावला होता. त्यामुळे आमच्या कार्डावरच्या कंपनीकडून पहिलं "नाही" आलं, तेव्हा मी पदर खोचून थेट राज्याच्या विमा कार्यालयात फोन लावला. फोनवरची बाई प्रेमळ होती. तिनं कार्डावरचा नंबर विचारला आणि तो आपल्या यादीत शोधला.

"मॅडम, हा विमा नाहीच."

"कार्डावर विमा कंपनीचं नाव छापलंय."

"ती कंपनी फक्त कागद हलवते. पैसे तुमचा मालक स्वतःच्या खिशातून देतो. अशा मालकांना आमच्या राज्याचा कायदा लागू होत नाही. तिथं वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा चालतो, आणि तो आमच्या कायद्याच्या वर आहे."

"बरं. मग वॉशिंग्टनच्या कायद्यात मुलांच्या कानांबद्दल काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"मग ठरवतं कोण?"

"तुमचा मालक."

ती बिचारी हळहळली, आणि माझा मात्र जीव भांड्यात पडला. मालक म्हणजे आप्पा. ते काय परके होते! कुठल्या तरी अनोळखी डॉक्टरांच्या हातापाया पडण्यापेक्षा आपल्या माणसाला सांगणं बरं, असंच मला वाटलं. श्रीरंगनं आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा म्हणाले, "बघतो." नंतर पुन्हा एकदा म्हणाले, "बघतो." आणि मग संक्रांतीचं हे बोलावणं आलं. केतकीचं बोरन्हाण आमच्याकडेच करू, म्हणाले.

येताना गाडीत श्रीरंग नुसता उधळला होता. "आपली पोरगी किती हुशार आहे ते एकदा बघू देत त्यांना."

"हुशारीचा काय संबंध?" मी म्हटलं. "तिला ऐकू येत नाही, हे त्यांना दिसायला हवं."

"ते रिपोर्टात आहेच की. पण एवढा पैसा घालायचा म्हटल्यावर माणूस बघणारच ना, की पोर त्या लायकीची आहे का. मला शाहू बोर्डिंगची फी माफ झाली ती कशी? मुलाखतीत सतराचा पाढा म्हणून दाखवला म्हणून."

श्रीरंग कोल्हापूरचा, घरची परिस्थिती बेताची. आयुष्यात त्याला जे मिळालं ते मार्कांवर मिळालं होतं. द्यायचा हात वर असतो आणि त्याच्यासमोर उभं राहून काहीतरी म्हणून दाखवायचं असतं, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. मी वाद घातला, पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. शिवाय त्यानं गेले तीन महिने जे केलं होतं ते पाहिल्यावर त्याला फार बोलायचीही सोय नव्हती.

केतकीचे शब्द गळायला लागले होते. आपलं बोलणं आपल्याला ऐकू आलं नाही की ते झिजत जातं. आधी जोडाक्षरं गेली, मग शब्दांची टोकं. श्रीरंग रोज संध्याकाळी कामावरून आला की तिला मांडीवर घ्यायचा, तिचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि एकेक शब्द सावकाश म्हणायचा. मग तोच हात तिच्या गळ्यावर ठेवायचा आणि तिच्याकडून तो शब्द काढून घ्यायचा. शिकवायला त्यानं मराठी महिने निवडले होते. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. "प्रत्येकाची थरथर वेगळी लागते हाताला," असं तो म्हणायचा. एरवी उभ्या आयुष्यात त्याला श्रावण कधी आणि भाद्रपद कधी, हे धड सांगता आलं नसतं. पोरीच्या निमित्तानं पाठ केले.

हॉलमध्ये माईंनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. बोरं कुठली मिळायला! परातीत चुरमुरे, हलवा, द्राक्षं आणि मेक्सिकन दुकानातून आणलेले उसाचे करवे होते. दोन मराठी कुटुंबं आधीच आलेली. आणि सोफ्यावर एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा गृहस्थ मांडीवर गुळाच्या पोळीची ताटली घेऊन अवघडून बसला होता. त्यालाही माईंनी बूट काढायला लावले होते. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि तो ते दुसऱ्या पायाखाली लपवत होता. मला त्याची कीव आली.

"हे मिस्टर हॅनली, माझे मित्र," आप्पांनी ओळख करून दिली. "आपले सण बघायची फार हौस त्यांना."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांच्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली. वर तूपही घातलं.

माईंनी केतकीला पाटावर बसवलं, ओवाळलं. तिच्या बोटांत हलव्याचा दाणा चिकटला होता आणि ती तो चाटत होती. आप्पा गुडघ्यांवर हात टेकून तिच्यासमोर वाकले. झब्बा, त्यावर जाकीट, चेहरा असा मायाळू की कुणालाही लोटांगण घालावंसं वाटावं.

"काय गं केतकुली? काय काय येतं तुला?"

बस्स, श्रीरंगला तेवढंच हवं होतं. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि "चैत्र" म्हणाला. केतकीचा चेहरा उजळला. हा खेळ तिला पाठ होता. श्रीरंगनं तिचाच हात तिच्या गळ्यावर टेकवला आणि मागे सरकला.

"चइत," केतकी म्हणाली. "वइशा. जेत. आशाड."

पुढचे महिनेही म्हणाली. भाद्रपदाला अडखळली, श्रीरंगच्या ओठांकडे बघून सावरली. खरं सांगायचं तर ज्यांना महिने पाठ होते त्यांनाच त्या आवाजांत महिने ऐकू आले. पण त्या खोलीत हॅनली सोडले तर सगळ्यांनाच ते पाठ होते. "फागू" झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. केतकीनं सगळ्यांचे हात बघितले, आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

"काय म्हणाली ती?" हॅनलींनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्या पंचांगाचे बाराच्या बारा महिने," आप्पा म्हणाले. "क्रमानं. एकही चूक नाही."

"म्हणजे ती बोलते?"

"उत्तम बोलते. बाप काय म्हणाला ते ऐकून म्हटलं, पाहिलंत ना तुम्ही."

श्रीरंगच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला मात्र खटकलं. सण बघायची हौस असलेला माणूस असले प्रश्न कशाला विचारेल? आणि आप्पांनी "ऐकून" हा शब्द कशाला घालावा?

"ती ऐकून नाही म्हणाली," मी पुढे होत म्हटलं. "तिनं हातानं—"

"अगं, राहू दे ना," श्रीरंग मराठीत कुजबुजला. "किती छान चाललंय."

आप्पा तोवर पाटाच्या मागे गेले होते. केतकीची त्यांच्याकडे पाठ. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरात टाळी वाजवली. केतकी करवा चोखत बसली होती, ती बसूनच राहिली. मी ते पाहिलं. हॅनलींनीही पाहिलं. मग आप्पांनी कोपऱ्यातल्या मेजावरून तिळगुळाचा पितळी डबा उचलला, भरलेला, आणि गंमत केल्यासारखा हातातून सोडून दिला.

"अहो, जमीन!" माई किंचाळल्या.

डबा दाणकन लाकडावर आपटला. केतकी गर्रकन वळली.

"बघा," आप्पा म्हणाले. ते हसत होते.

"पुन्हा एकदा होईल का?" हॅनलींनी विचारलं. त्यांनी ताटली बाजूला ठेवली होती.

"डबा नको हं आता, चरा पडेल," माईंनी डबा उचलून पोटाशी धरला. मग आप्पांनी केतकी पुढे वळायची वाट पाहिली आणि टाच आपटली. ती पुन्हा वळली. आता तिला हा नवा खेळ वाटायला लागला होता. ती खिदळली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"तिला जमिनीतून कळतंय!" मी ओरडले, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. "पाय बघा तिचे. अनवाणी आहे ती. मी तिला कडेवर घेते, मग काय वाजवायचं ते वाजवा."

मी वाकले आणि तिच्या बगलेत हात घातले. माईंनी माझं मनगट धरलं.

"बोरन्हाणात मूल पाटावरून मध्येच उठवायचं नसतं गं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आजारातून उठलेली पोर. अपशकुन कशाला?"

बाकीच्या बायकाही "हो ना, हो ना" म्हणाल्या. श्रीरंगनं माझा खांदा दाबला. तेवढ्यात कुणीतरी बेसमेंटमधल्या मुलांना वर बोलावलं, माईंनी परात केतकीच्या डोक्यावर रिकामी केली आणि पोरांची झुंबड उडाली. चुरमुरे, द्राक्षं, पोरांची डोकी यांच्यामधून मला दारात बूट घालत असलेले हॅनली दिसले. आप्पा त्यांना निरोप देत होते. मी तिथवर पोचेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

निघताना आप्पांनी माझ्या मुठीत तिळगूळ कोंबला. "गोड बोलावं गं, सुनीती. चारचौघांत आवाज चढवू नये. पोरगी गुणाची आहे तुझी. काळजी करू नकोस."

गाडीत श्रीरंग स्टिअरिंगवर ताल धरून म्हणाला, "झालं काम!"

सोमवारी आप्पांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि त्याचं अभिनंदन केलं. केतकीला ऐकू येतंय. यंत्राची गरज नाही. देवाची कृपा. श्रीरंग घरी आला आणि अंगातला कोटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. केतकी नेहमीसारखी धावत त्याच्या मांडीवर चढली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या गोऱ्या बाईनं दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः आप्पांच्या ऑफिसात गेले.

"ये बाळ, बस. चहा मागवू?"

"चहा नको. केतकीला ऐकू येत नाही, आप्पा."

"आपल्या मुलीबद्दल असं अभद्र बोलू नये. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"हॅनली कोण आहेत?"

"आपल्या योजनेचं काम जी कंपनी बघते, तिथले. फार सज्जन गृहस्थ. त्यांनी पाहिलं ते लिहिलं. मी त्यांना एक अक्षरही सांगितलं नाही."

"म्हणजे बोरन्हाणाला बोलावून माझी पोर तपासलीत तुम्ही?"

"दवाखान्यात तपासली असती तर घाबरली असती बिचारी. म्हटलं, घरचं वातावरण बरं." त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निदान चेहऱ्यावर तरी दिसत नव्हतं.

"डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत. तीन तीन तपासण्या झाल्यात."

"डॉक्टर यंत्र बसवणारच, त्यांचा धंदा आहे तो. हे बघ, माझ्याकडे दोनशे माणसं आहेत. कुणाचं हृदय, कुणाची साखर. एकाच्या पोरीवर सगळं ओतलं तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं? घरातल्या कर्त्या माणसाला सगळ्यांचा विचार करावा लागतो."

"मग बाहेरच्या डॉक्टरांना ठरवू दे. त्या कायद्याला तुम्हीच पाठिंबा दिला होतात ना? फोटो आहे तुमचा. माझ्या फ्रीजवर आहे."

"दिला होता की. फार चांगला कायदा आहे. पण तो आपल्याला लागू होत नाही."

"हे सही करताना ठाऊक होतं?"

आप्पा मंद हसले. "वकिलाला विचारल्याशिवाय मी कशावर सही करत नाही गं."

"मग तुमच्या निर्णयावर अपील कुठं करायचं?"

"माझ्याकडे," आप्पा म्हणाले. "कर ना. मी अगदी नीट वाचीन."

मी अपील केलं. डॉक्टरीणबाईंनी दोन पानं लिहून दिली, त्यांत पायांना जमिनीतून कळण्याबद्दलही लिहिलं. आप्पांनी नीट वाचलं आणि नाही म्हणाले. मी वकील गाठला. तो म्हणाला, खटला वॉशिंग्टनच्या कायद्याखाली चालेल. न्यायाधीश मुलीला ऐकू येतं की नाही हे बघणार नाहीत, मालकानं काहीतरी कारण धरून ठरवलं की नाही एवढंच बघतील. कारण तर त्यांच्याकडे आहे, साक्षीदारासकट. आणि जिंकलात तरी तोवर दोन वर्षं जातील. "मुलीचे कान थांबतील का तेवढं?" त्यानं विचारलं. मी उठले. मालकाला कोर्टात खेचल्यावर ग्रीनकार्डाचं काय होईल, हे मला त्याला विचारावंही लागलं नाही. नोकरी सोडली असती तर देश सोडावा लागला असता, आणि ठाण्याला जाऊन हे यंत्र विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. आम्ही तोंडात मूग गिळून बसलो. त्या गणपतीत आप्पांनी माइकवर नेहमीचं वाक्य म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच माझा पराक्रम.

केतकीचे शब्द एकेक करून गेले. श्रीरंगनं महिने शिकवणं सोडून दिलं होतं. आधी "पाणी" गेलं, मग "बाबा". "आई" सगळ्यात शेवटी गेलं, की मला तसं वाटतं, देव जाणे.

पाच वर्षांनी ग्रीनकार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात श्रीरंगनं नोकरी बदलली. नव्या कंपनीचा विमा खराखुरा विमा होता, त्याला राज्याचा कायदा लागू होता. चार दिवसांत मंजुरी आली. इतकं सोपं होतं ते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरीणबाईंनी केतकीच्या कानांचे फोटो काढले, उजेडात धरले आणि आम्हालाही बोलावून दाखवले. आत जागा उरली नव्हती.

मी हातांची भाषा शिकले. पस्तिशी उलटल्यावर बोटं वळत नाहीत, तरी शिकले. श्रीरंगही शिकला, पण तो त्या भाषेतही कमीच बोलायचा. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. केतकी बहिऱ्या मुलांच्या शाळेत गणित शिकवते, उत्तम शिकवते, आणि कुणाचीही भीडभाड ठेवत नाही. तेवढं माझ्यावर गेलंय.

गेल्या हिवाळ्यात आप्पा वारले. मंडळानं त्यांच्या आठवणींचे फोटो सगळ्यांना पाठवले. केतकी सुट्टीला घरी आली होती. माझ्या शेजारी बसून ती ते बघत होती आणि एका फोटोवर थांबली. पाट, रांगोळी, काळं परकर-पोलकं. मागे आप्पा, सोफ्यावर हॅनली. सगळ्यांचे हात टाळीसाठी उचललेले, आणि मधोमध तोंडभर हसणारी केतकी.

"हा तो दिवस," तिनं हातांनी सांगितलं. तिचे डोळे चमकत होते.

"तुला आठवतो?" मी चकित झाले. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या संध्याकाळचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"मला आठवणारा सगळ्यात पहिला दिवस तोच. गळ्यात साखरेची माळ होती. बाबांनी माझा हात त्यांच्या गळ्यावर ठेवला, मी काहीतरी म्हणून दाखवलं आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. हा गोरा माणूससुद्धा. एवढ्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत." ती माझ्याकडे वळली. "मग त्यानंतर बाबांनी मला गळ्याला हात का लावू दिला नाही?"

मी पुढचा फोटो काढायला गेले, तर तिनं माझा हात अडवला.

"मी रोज जायचे त्यांच्याकडे. हात ठेवायचे. ते माझा हात उचलून बाजूला करायचे. नंतर तर घरातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावून बसायचे. मी ते सोडवायला बघायचे, तर उठून जायचे." तिची बोटं आता सावकाश चालत होती. "मला किती वर्षं वाटायचं, लोकांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण मी काहीतरी चुकीचं म्हटलं असणार. बाबांना कळलं असणार. माझं काय चुकलं होतं, आई?"

"काहीच नाही," मी हातांनी म्हटलं. तिनं माझ्या हातांकडे पाहिलंच नाही, चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरे वाचण्यातच तिचं आयुष्य गेलंय. तिनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं.

मग मी तिचा तळहात धरून माझ्या गळ्यावर ठेवला, श्रीरंग ठेवायचा तसाच. आणि मोठ्यानं, मराठीत म्हणाले, "तुझं काही चुकलं नव्हतं गं सोन्या. तू सगळे महिने बरोबर म्हटले होतेस." धड म्हणता आलं नाही. आवाज कापत होता, मध्येच फुटत होता.

तिनं हात बराच वेळ तसाच ठेवला. डोळे मिटून घेतले होते. मग डोळे उघडून दुसऱ्या हातानं मला म्हणाली,

"थरथरतोय तुझा गळा. म्हणजे चुकलं होतं."